मोसुलच्या जुन्या शहरातली पायी सफर: घ्याच, पण दोन दिवसांची

पहिल्यांदाच सांगते, सफर उत्तम आहे. गाईड उत्तम आहे. एका दिवसात मात्र ती अर्धवट होते, आणि जे वगळलं जातं ते वगळण्यासारखं नाही.

मी पुलांच्या कामातली इंजिनिअर. इराकमधलं मोसुल इसिस या दहशतवादी संघटनेकडून परत घेण्यासाठी 2016-17 मध्ये झालेल्या लढाईबद्दल वाचताना माझं लक्ष कायम पुलांकडे जायचं. टायग्रिस नदीवरचे पाचही पूल निकामी झाले, शहराचे दोन तुकडे पडले. पूर्वेकडचा भाग बराचसा वाचला आणि पश्चिमेकडचं जुनं शहर ढिगारा झालं. असं का झालं, हे इथे चालताना पटतं.

गाईड इथलाच. शेवटच्या महिन्यांत घरच्यांसोबत पश्चिम तीरावर अडकलेला. पूर्व-पश्चिम असं तो म्हणतच नाही. पूर्व म्हणजे 'अयसर', डावा तीर. पश्चिम म्हणजे 'अयमन', उजवा. इसिसला सगळेच 'दाएश' म्हणतात. जून 2014 मध्ये शहर त्यांच्या हाती गेलं, 17 ऑक्टोबर 2016 ला इराकी फौजांनी ते परत घ्यायला सुरुवात केली आणि 24 जानेवारी 2017 ला अयसर मोकळा झाल्याचं जाहीर झालं. गाडीच्या धुळकट बॉनेटवर बोटाने रेघा ओढून त्याने फौजांची चाल समजावली. पुढे चिलखती बुलडोझर, मागे दहशतवादविरोधी दलाच्या काळ्या हम्वी, म्हणजे लष्करी गाड्या. प्रत्येक आडरस्त्याच्या तोंडाशी बुलडोझर मातीचा बांध घालणार, म्हणजे स्फोटकं भरलेली गाडी बाजूने अंगावर येऊ शकत नाही. रस्ते रुंद असले तरच हे जमतं. लोकांना 'घरातच थांबा' असं सरकारने पत्रकं टाकून सांगितलं होतं, तेही त्याने आठवणीने सांगितलं.

मग नदी ओलांडून आपण जुन्या शहरात शिरतो आणि बॉनेटवरचा नकाशा निरुपयोगी होतो. हात पसरले की दोन्ही भिंतींना तळवे टेकतील अशा गल्ल्या आहेत. हम्वी शिरणार कुठून? 19 फेब्रुवारी 2017 ला पश्चिमेची मोहीम सुरू झाली आणि या गल्ल्यांत सैनिकांना पायीच, एकेक घर घेत पुढे सरकावं लागलं. वरून विमानांना दिसू नये म्हणून दाएशने गल्ल्यांवर कापडं ताणली होती. रस्त्यावर पाऊल न ठेवता फिरता यावं म्हणून घराघरांच्या भिंती फोडल्या होत्या.

असं एक भगदाड आम्ही पाहिलं. दुरुस्त केलेलं घर, आपल्या वाड्यासारखा मधे चौक, दाराची चौकट मोसुलच्या निळसर करड्या दगडाची, वर नाजूक वेलबुट्टी. आतल्या खोलीच्या भिंतीत कमरेइतक्या उंचीवर सिमेंटच्या ब्लॉकचं ठिगळ. उभ्याने जाता येईल इतकं ते भोक मोठं नव्हतंच. माणूस वाकून, जवळजवळ रांगत गेला असणार. घरमालकाने बाकी सगळीकडे गिलावा केला आहे, तेवढं ठिगळ उघडं ठेवलं आहे. गाईड तिथे काही बोलला नाही, आम्हाला बघू दिलं. चांगला गाईड ओळखायचा तो इथे.

अल-नूरी मशिदीला पुरेसा वेळ देतात. तिथला बाराव्या शतकातला झुकलेला हदबा मिनार दाएशने 21 जून 2017 ला उडवला. युनेस्कोच्या कामात तो पुन्हा उभा राहिला आहे, ढिगाऱ्यातून निवडलेल्या जुन्या विटा वापरून आणि मूळचा कल तसाच ठेवून. वाकडं बांधकाम मुद्दाम वाकडंच उभारायचं आणि तरी ते सुरक्षित ठेवायचं, ही फार अवघड कामगिरी आहे. 2024 मध्ये कामगारांना मशिदीच्या भिंतीत दडवलेली पाच स्फोटकं सापडली होती. म्हणून सांगते, दुरुस्त न झालेल्या घरात फोटोसाठीसुद्धा पाय टाकू नका.

आता तक्रार. अल-जदीदा हा अयमनवरचा मोहल्ला या सफरीत नाही. 17 मार्च 2017 ला तिथल्या एका घराच्या छतावर दोन स्नायपर होते म्हणून अमेरिकी विमानाने बॉम्ब टाकला. घर कोसळलं आणि आत आसऱ्याला आलेल्यांसह 100 हून अधिक नागरिक मेले. घरात दाएशने ठेवलेल्या स्फोटकांमुळे ते पडलं, असं अमेरिकेच्या चौकशीचं म्हणणं. वाचलेल्यांना ते मान्य नाही. अयमनची लढाई काय किमतीला जिंकली हे समजून घ्यायचं तर तिथे जायलाच हवं. आयोजकांना विचारलं तर 'पर्यटक मागत नाहीत' असं उत्तर आलं. मला ते पटलं नाही. 10 जुलै 2017 च्या विजयाची तारीख सांगता, तर हेही सांगा. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने नंतर केलेल्या मोजणीत संपूर्ण लढाईतले नागरिकांचे बळी 9,000 ते 11,000 निघाले.

मी भारतीय आहे कळल्यावर गाईडने स्वतःहून मोसुलजवळच्या बदूशचा विषय काढला. 2014 मध्ये दाएशने पळवलेले आपले 39 कामगार तिथे मारले गेले, 2018 मध्ये टेकडीतल्या सामूहिक कबरीचा शोध लागला. बांधकामावरची माणसं होती ती. माझं आयुष्य अशा माणसांच्या कष्टावर उभं आहे. तो वायव्येकडे हात करून थांबला, मीही थांबले. त्याबद्दल त्याची मी ऋणी आहे.

जेवण ठीक. मोसुलचा चपटा, ताटाएवढा कुब्बा (आत मटणाचं सारण भरलेला) मात्र सोडू नका.

व्यवहाराचं: माणशी 60,000 दिनार घेतले, जेवण वेगळं. रोखच लागते; 10,000 च्या नोटेवर हदबाचंच चित्र आहे. इराकच्या स्वायत्त कुर्दिस्तान भागातल्या अर्बिलहून येणार असाल तर तिथला व्हिसा इथे चालत नाही, इराकच्या केंद्र सरकारचा (फेडरल) व्हिसा काढा. नाक्यांवर मोबाइल खिशात ठेवा. पायात जाड तळव्याचे बूट हवेत. बुकिंग करतानाच दुसरा दिवस आणि अल-जदीदा दोन्ही लेखी मागून घ्या. आपण मागत राहिलो तर ते ठेवतील.