‘यू आर रिक्वेस्ट टू पे’: चूक लाल पेनानं सुधारली आणि वर 3,73,500 रुपये पण भरले

आधी आकडाच सांगतो म्हणजे पुढचं वाचायचं का नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. 3,73,500 रुपये. त्यातले 1,50,000 शिक्षक सोसायटीचं कर्ज, 1,20,000 मिसेसच्या पाटल्या गहाण टाकून, आणि राहिलेले 1,03,500 उसाच्या बिलातले. आणि हे सगळं घालवणारा माणूस गेली 26 वर्षं हायस्कूलला इंग्रजी शिकवतोय. हसायचं असेल तर हसून घ्या, आमच्या स्टाफरूममध्ये अजून हसतायत.

आम्ही निपाणीजवळचे, म्हणजे कर्नाटकातल्या मराठी सीमाभागातले. थोरली मुलगी दहावीपर्यंत मराठी मीडियम, नंतर बेळगावला इंजिनिअरिंग, मार्क चांगले. तिला एमएस करायला अमेरिकेला जायचं होतं. त्यासाठी लागणारी इंग्रजीची परीक्षा, आयईएलटीएस, दिली; ओव्हरऑल 5.5 बँड (म्हणजे तिथले मार्क) आले आणि रायटिंगला 5. तिला पाहिजे त्या कोर्सला 6.5 लागतात. आता सांगा, इंग्रजीच्या मास्तरच्या पोरीला रायटिंगमध्ये पाच, हे मी कुणाला सांगणार होतो? कुणालाच सांगितलं नाही, माझ्या सख्ख्या भावाला पण नाही. आमच्या शाळेत दोघांची मुलं परदेशात आहेत, त्यांना नुसता एक फोन केला असता तरी पुढचं सगळं टळलं असतं, पण फोन केला तर पहिला प्रश्न ‘किती बँड आले सर?’ हाच येणार होता.

जून 2024 मध्ये इथल्याच एका मंगल कार्यालयात परदेशात शिकायला पाठवणाऱ्या एका कन्सल्टन्सीचा सेमिनार झाला, उपीट-चहा फुकट, स्टेजवर एक टाय घातलेला पोरगा आणि एक मॅडम, ऑफिस कोल्हापुरात. त्यांनी सांगितलं की बँड कमी असले तरी कंडिशनल ॲडमिशन मिळतं, आधी युनिव्हर्सिटीचाच इंटेन्सिव्ह इंग्लिश प्रोग्राम करायचा, तो पास झालं की थेट मास्टर्सला, परत आयईएलटीएस द्यायची गरज नाही. आता यातली खरी मेख बघा. हे खोटं नाहीये! असे प्रोग्राम तिकडं खरंच असतात, परदेशी मुलांना लेक्चर समजावं, पेपर लिहिता यावा म्हणून भाषेची तयारी करून घेतात, गेल्यावर आधी प्लेसमेंट टेस्ट घेऊन लेव्हल ठरवतात. मी घरी येऊन नेटवर बघितलं, सगळं जुळत होतं. म्हणून मला ‘मास्तर एवढे बावळट कसे’ असं म्हणायच्या आधी हे लक्षात घ्या, खऱ्या गोष्टीच्या पोटात खोटं ठेवलं होतं.

पैसे कसे गेले ते ओळीनं सांगतो. जूनमध्ये रजिस्ट्रेशन 15,000. जुलैमध्ये ‘लेव्हल 3 आणि 4 इथूनच ऑनलाइन करून घेऊ, तिकडचा खर्च वाचेल’ म्हणून 64,000. सप्टेंबरला ऑफर लेटर आलं आणि युनिव्हर्सिटी डिपॉझिट 2,10,000. ऑक्टोबरला आय-ट्वेंटी (स्टुडंट व्हिसासाठी युनिव्हर्सिटी देते तो फॉर्म), सेविस फी (अमेरिकेच्या सरकारकडं परदेशी विद्यार्थ्याची नोंद असते त्याची) आणि कुरियर मिळून 38,500. नोव्हेंबरला इन्शुरन्स आणि हॉस्टेल ‘लॉक’ करायला 46,000. सगळे पैसे त्यांच्याच फर्मच्या करंट अकाउंटला, युनिव्हर्सिटीच्या नावानं एक दमडी नाही. कारण विचारलं तर म्हणे ‘सर, फॉरेक्सचे रेट आम्हाला स्वस्त पडतात.’ पटलं मला. आता लिहितानापण कानशिलं तापतात.

ऑनलाइन क्लास म्हणजे काय तर रात्री साडेआठला झूमवर एक तास, आठवड्यातून पाच दिवस, ‘अमेरिकन फॅकल्टी’. सहा आठवड्यात तीन फॅकल्टी बदलल्या आणि तिसरा तर मधेच कुणाला तरी ‘थांब की रे, क्लास चालू हाय’ म्हणाला. पोरगी हसत माझ्याकडं आली, ‘पप्पा, अमेरिकन सर कोल्हापूरचे आहेत.’ मी पण हसलो. स्टुडंट व्हिसावर खऱ्या भाषेच्या कोर्सला जायचं तर आठवड्याला किमान 18 तास वर्गात बसावं लागतं, असा तिकडचा नियम आहे. इथं पाच तास. हे मला तेव्हा माहीत नव्हतं, पण पाच तासात दोन लेव्हल होत नाहीत एवढं तर 26 वर्षं शिकवून कळायला पाहिजे होतं ना.

आणि आता ते ऑफर लेटर.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा, गणपतीचे दिवस, मी घटक चाचणीचे पेपर तपासत बसलेलो, हातात लाल पेन. पोरगी प्रिंट काढून घेऊन आली. जाड कागद, वर शिक्का, युनिव्हर्सिटीचा लोगो. वाचत गेलो. दुसऱ्या परिच्छेदात ‘यू आर रिक्वेस्ट टू पे द डिपॉझिट’. रिक्वेस्टेड नाही, रिक्वेस्ट. हात आपोआप गेला, मी त्याच्या पुढं लाल पेनानं ‘एड’ घातलं आणि खाली रेघ मारली. दोन ओळी पुढं ‘फॉर फर्दर इन्फॉर्मेशन्स’, त्याचा ‘एस’ गोल करून खोडला. आठवीच्या पोराच्या वहीत करतो तसं. आणि मग काय केलं माहितीय? पेनाला टोपण लावलं आणि मनाशी म्हटलं की अमेरिकेत आता अशीच भाषा चालत असेल, आपलं इंग्रजी जुन्या वळणाचं. दुसऱ्या दिवशी बँकेत जाऊन 2,10,000 ची आरटीजीएस केली. हे मी रोज आठवतो. कुणी फसवलं नाही मला त्या क्षणी, चूक समोर होती, मीच पकडली होती, आणि मीच माझ्या इंग्रजीवर विश्वास ठेवला नाही. टायवाल्या पोराच्या ‘या सर, शुअर सर’ वर ठेवला.

बरं अमेरिकेतल्या बोगस युनिव्हर्सिटीबद्दल मला काही माहीत नव्हतं असं पण नाही. 2011 ला ट्राय व्हॅली युनिव्हर्सिटीचं प्रकरण झालं, आपल्या पोरांच्या पायात ट्रॅकर बसवले होते, ती बातमी मी स्वतः वर्गात वाचून दाखवलेली आहे. पण ती युनिव्हर्सिटीच बोगस होती, इथं युनिव्हर्सिटी खरी, नुसते कागद बोगस, त्यामुळं डोक्यात घंटा वाजलीच नाही.

डिसेंबरमध्ये मुंबईला व्हिसाचा इंटरव्ह्यू होता, त्याची फी 185 डॉलर म्हणजे साडेपंधरा हजार वेगळीच भरली, ती अमेरिकेच्या सरकारला गेली म्हणून वरच्या हिशोबात धरली नाही. इंटरव्ह्यूच्या नऊ दिवस आधी माझा एक जुना विद्यार्थी, पुण्याला असतो, गावी आला होता. घरी आला, कागद बघितले आणि म्हणाला, ‘सर, युनिव्हर्सिटीला डायरेक्ट मेल केलाय का कधी?’ नव्हता केला. सहा महिन्यात एकदा पण नाही. कन्सल्टन्सीवाले म्हणाले होते ‘डायरेक्ट कॉन्टॅक्ट केला तर फाइल होल्डवर जाते’, आणि आम्ही शहाण्यासारखं ऐकलं. त्याच रात्री युनिव्हर्सिटीच्या इंटरनॅशनल ऑफिसला चार ओळींचा मेल केला. दुसऱ्या दिवशी उत्तर: या नावाचा अर्जच आमच्याकडं आलेला नाही.

मग त्या पोरानं आय-ट्वेंटी उलगडून दाखवली. वर सेविस नंबर असतो, एन आणि पुढं दहा आकडे. आमच्यावर नऊ. बोट ठेवून तीनदा मोजले, नऊच. आणि भाषेच्या कोर्सला जायचं असेल तर त्यावर ‘लँग्वेज ट्रेनिंग’ असं लिहिलेलं असतं, कंडिशनल ॲडमिशनवर थेट मास्टर्सची आय-ट्वेंटी देता येतच नाही. आमच्यावर ठळक ‘मास्टर्स’. सेविस फी 350 डॉलर असते आणि ती विद्यार्थी स्वतः सरकारी साइटवर भरतो, पावती स्वतःच्या नावानं येते. आमच्याकडून कुरियरचे पैसे घेतले आणि कागद आला पीडीएफवर! तो कागद घेऊन पोरगी खिडकीवर उभी राहिली असती तर खोटे कागद दिले म्हणून तिच्यावर कायमची अमेरिकाबंदी लागू शकली असती. पैसे गेले त्याची चीड आहे, पण या विचारानं अजून रात्री जाग येते.

मंगळवारी ऑफिसला गेलो तर शटर बंद, बोर्ड काढलेला. फोन ‘स्विच्ड ऑफ’.

आता तक्रारीची कथा ऐका. इकडच्या ठाण्यात गेलो, ‘साहेब्रु इल्ला, नाळे बर्री’, म्हणजे साहेब नाहीत, उद्या या. दुसऱ्या दिवशी परत तेच. तिसऱ्या दिवशी साहेब भेटले, माणूस वाईट नव्हता, पण ॲग्रीमेंट बघून म्हणाले यात ‘कन्सल्टन्सी चार्जेस नॉन रिफंडेबल’ लिहिलंय, सही तुमची आहे, हे सिव्हिल मॅटर, आणि ऑफिस कोल्हापुरात म्हणजे तिकडं जावा. मोटरसायकल काढली, कोगनोळी नाका ओलांडून कोल्हापूर. तिथले म्हणतात ‘राहायला कुठं तुम्ही? कर्नाटक? सेमिनार कुठं झाला? कर्नाटक? मग इकडं कशाला आलाय, तिकडं द्या की.’ परत इकडं. इकडं म्हणतात खातं कुठलं? पुण्यातल्या ब्रँचचं. मग पुण्याला जावा! पाच हेलपाटे झाले. महाराष्ट्र सरकारनं 2004 मध्ये आमच्या गावांसाठी सुप्रीम कोर्टात दावा टाकलाय, कर्नाटक एक इंच द्यायला तयार नाही, म्हणजे आमचं गाव दोघांनाही पाहिजे आणि आमची तक्रार मात्र एकालाही नको. 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, फोन केला तर म्हणे लगेच करायला पाहिजे होता, आणि ओटीपी तुम्हीच टाकलाय ना, मग हा सायबर फ्रॉड कसा. बँकेतला माणूस हिंदीत म्हणाला, ‘आपने खुद साइन किया है.’ इथल्या एका पुढाऱ्याकडं पण गेलो, त्यानं चहा पाजला, ‘बघू की सर’ म्हणाला, आणि त्याच आठवड्यात दुसऱ्या कुठल्यातरी परदेश कोर्सवाल्यांच्या ऑफिसची फीत कापतानाचा त्याचा फोटो व्हॉट्सॲपला आला.

शेवटी एका वकिलानं सांगितलं की 1 जुलै 2024 पासून नवा कायदा आहे, भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, गुन्हा कुठं पण घडलेला असो, ठाण्याला झिरो एफआयआर घ्यावीच लागते, कलम 173. हे ठाण्यातल्या कुणालाच माहीत नव्हतं असं मी समजू का? लेखी अर्जात ते कलम घातलं तेव्हा कुठं पोच मिळाली, ती पण कन्नडमध्ये, कोर्टाजवळच्या टायपिस्टला 300 रुपये देऊन समजून घेतली.

आणि या कन्सल्टन्सीवाल्यांना विचारणारं कोण आहे? परदेशी नोकरीला माणसं पाठवणाऱ्या एजंटला 1983 च्या कायद्यानं सरकारी रजिस्ट्रेशन लागतं, पण पोरं शिकायला पाठवणाऱ्याला त्या कायद्यात ते लागत नाही. पंजाबनं 2012 ला स्वतःचा कायदा करून लायसन्स सक्तीचं केलंय. आमच्या भागात दुकानाचा परवाना काढला की झालं, उद्या मी पण काढीन.

ज्यांची पोरं या वाटेवर आहेत त्यांनी कृपा करून डिपॉझिट युनिव्हर्सिटीच्या पोर्टलवरूनच भरा, पोर्टलचा पासवर्ड पोराकडं पाहिजे, एजंटकडं नाही. आमच्या अर्जाचा मेल आयडीसुद्धा त्यांनीच काढलेला होता. भाषेच्या कोर्सला तिकडं 2010 च्या कायद्यानं मान्यता लागते, कुठल्या संस्थेला आहे त्याच्या याद्या उघड्या असतात, पाच मिनिटाचं काम. बँड कमी आले असतील तर आता फक्त एकच सेक्शन परत देता येतो, पण पहिल्या परीक्षेपासून 60 दिवसांच्या आत; सगळ्या युनिव्हर्सिट्या ते मानत नाहीत पण आधी विचारा तरी. आमची ती मुदत कधीच गेली, पोरगी आता परत पूर्ण परीक्षेची तयारी करतेय, जोर रायटिंगवर, आणि शिकवतोय मी, जे पहिल्यापासून करायला पाहिजे होतं पण बापाकडून शिकायला तिला नको होतं आणि पोरीला शिकवायला मला वेळ नव्हता.

केस ग्राहक आयोगात टाकलीय. तक्रारदार राहतो तिथं टाकता येते, त्यामुळं सीमेची भानगड नाही, आणि पाच लाखाच्या आत फी पण नाही. मागच्या आठवड्यात कागद द्यायला गेलो तर वकिलांनी ऑफर लेटर हातात घेतलं, चष्मा वर केला आणि म्हणाले, ‘सर, ओरिजिनलवर हे लाल काय आहे?’ सांगितलं. थोडा वेळ ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, समोरचा वकील पहिलं हेच दाखवणार, की मास्तरांना तेव्हाच शंका आली होती, मग पैसे का भरले. उत्तर तयार ठेवा.

अजून तरी तयार नाही. त्या सेमिनारला आणखी कोण बसलं होतं आणि कुणी पैसे भरले असतील तर पावत्या सांभाळून ठेवा आणि मला कळवा, लाजू नका, माझ्याएवढी लाज तुमची नक्कीच गेलेली नाही.