पावसाळ्यातलं विकतचं ऊन : भाज्या वाळवायच्या मशीनचा आमचा अनुभव

२०२५ चा मे कोकणातला कोणी विसरणार नाही. वीस तारखेच्या सुमारास पाऊस जो लागला तो लागलाच, २५ ला तर मान्सून आला म्हणून हवामान खात्यानेच सांगून टाकलं, आणि आमची आमसुलं तेव्हा दुसऱ्या पुटावर, म्हणजे रसात दुसऱ्यांदा बुडवून वाळत घातलेली, अंगणात! ताडपत्री टाकली, मग पडवीत पंख्याखाली पसरली, चौथ्या दिवशी बघते तर सालांवर पांढरी लव. सगळी माडाच्या आळ्यात गेली. परसातले रातांबे, म्हणजे कोकमाची फळं, फुकटचे असतात हे खरं, पण ते वेचणं, फोडणं, बिया काढणं, रसात बुडवून परत परत वाळत घालणं यात कंबर जाते हो. त्याच रात्री रागारागात हे भाज्या वाळवायचं मशीन ऑनलाइन मागवलं, साडेपाच हजाराला. सासूबाईंनी, म्हणजे आमच्या आईंनी, एवढंच विचारलं, "ऊन पण आता विकत घ्यायचं का गं?"

कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण या पद्धतीची मशीनं बऱ्याच जणांची आहेत आणि माझी मुख्य तक्रार त्या पद्धतीबद्दलच आहे. गोल डबा, एकावर एक पाच जाळीचे प्लास्टिकचे ट्रे, बुडाला पंखा नि हीटर, ३५ ते ७० डिग्रीचं बटण, टायमर. २५० वॅट, म्हणजे चार तासाला एक युनिट, आमच्या बिलात ते दहा-बारा रुपयाला पडतं.

आता बुडाला पंखा म्हणजे काय ते मला पहिल्याच दिवशी कळलं. मशीन आलं तेव्हा झाडावर शेवटचे टोपलीभर रातांबे होते, मी आपली उत्साहात सालं रसातून काढली नि तशीच ट्रेवर मांडली, अर्ध्या तासात खालून चर्र चर्र आवाज आणि करपलेल्या साखरेचा वास. खाऱ्या-आंबट रसाचे थेंब थेट आत हीटरवर! उलटं करून पुसलं, दोन दिवस वाळू दिलं, नशिबाने चालू झालं, पण आतला पत्रा त्या दिवशी जो गंजायला लागला तो अजून गंजतोच आहे. कस्टमर केअरला फोन केला तर म्हणे व्हिडिओ पाठवा, पाठवला, मग म्हणे लिक्विड डॅमेज वॉरंटीत बसत नाही. पुस्तिकेत एका ओळीत लिहिलेलं असतं तर! घेणार असाल तर मागच्या बाजूला पंखा असलेलं चौकोनी घ्या, हजार-दोन हजार जास्त गेले तरी चालतील.

आता मी रसातून काढलेली सालं आधी रोळीत तासभर निथळते, मगच ट्रेवर. ५० डिग्री, तीन पुटं, सगळे मिळून वीस-एक तास, आणि दर दोन तासांनी खालचा ट्रे वर, वरचा खाली, कारण खालचं करकरीत होतं तेव्हा वरचं अजून ओलंच असतं. पाच ट्रेत सालं मावतात जेमतेम अडीच किलो, आमसुलं निघतात अर्ध्या किलोच्या आत. रंग मात्र सुरेख, उन्हातल्यासारखा काळा पडत नाही. चव तीच आहे असं माझं मत, आई म्हणतात सोलकढीला ती धार नाही.

खरा उपयोग झाला तो जुलै-ऑगस्टमध्ये. मांडवावर कारली नुसती लोंबत असतात, शेजारीपाजारी वाटून झालं, आता मला पिशवी घेऊन येताना बघितलं की लोक दार लावून घेतात. पातळ चकत्या, मीठ-हळद लावून तासभर ठेवायच्या, पिळायच्या, ५५ डिग्रीला आठ-नऊ तास. किलोभर कारल्याच्या काचऱ्या होतात मूठ-दोन मुठी, वीज पंचवीसेक रुपयांची. पिठल्याबरोबर तळून घेतल्या की भाजी नसली तरी चालतं. भेंडी ताक-मीठ लावून अशीच. कडीपत्ता मात्र ४० च्या वर नेऊ नका, हिरवा राहतो पण वास जातो, मग उपयोग काय. मिरची घरात अजिबात नको, एकदा चिरून लावली आणि आख्खं घर ठसकत पडवीत जाऊन बसलं.

लाइट गेली की टायमर शून्यावर, आणि आमच्याकडे पावसात लाइट कधी जाते हे विचारूच नका. रात्री लावून झोपले, दोनला गेली असणार, सकाळी भेंडी गिळगिळीत आणि आंबूस. रात्रीचं लावणं तेव्हापासून बंद.

आणि हो, हे जाहिरातीत कुठे नाही, पण सादळलेले पोहे, शेव, पापड, चिवडा, काय असेल ते ५० डिग्रीला वीस मिनिटं, परत कुरकुरीत! पोरगा एकदा शाळेचे मोजे घालत होता वरच्या ट्रेत, वेळेवर बघितलं म्हणून बरं.

डिसेंबर ते मे मी याला हातसुद्धा लावत नाही. टोमॅटो आमच्याकडे थंडीत होतात, तेव्हा ऊन कडकडीत, गच्चीवर जुनी मच्छरदाणी टाकून तीन-चार दिवसांत वाळतात. किलोचे साठ-सत्तर ग्रॅम उरतात, तेवढ्यासाठी कशाला मीटर फिरवायचा. सांडगे, ताकातल्या मिरच्या, कुरडया पण गच्चीवरच.

पुढच्या खेपेला आमसुलं आधी अंगणातच घालायची असं आईंचं नि माझं ठरलंय. पहिलं पुट उन्हात, ढग दिसले की उरलेली दोन मशीनमध्ये. आईंनी रोळी आत्ताच धुवून वर टांगून ठेवली आहे.