बाराशेचा स्कॅनर, टर्बोवरचा आळ आणि कसारा घाट : आठ महिन्यांचा अनुभव

गाडीतल्या बिघाडाचे कोड मोबाइलवर दाखवणारी छोटी डबी, म्हणजे स्कॅनर, घेतला तेव्हा गाडी बिघडलेली होती, आणि ती मीच बिघडवली होती. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढचं वाचताना उगाच कुणावर राग यायला नको.

गाडी २०१८ ची बीएस-४ पिकअप. अडीच लिटरचं कॉमन रेल डिझेल इंजिन, तेव्हा १ लाख ४२ हजार किलोमीटर झालेले. काम ठरलेलं : पिंपळगाव बसवंतहून टोमॅटोचे कॅरेट भरून वाशीला, येताना भिवंडीतून मिळेल ते भाडं. म्हणजे परतीला माल घेऊन कसारा चढायचाच. समृद्धीचा इगतपुरी ते आमणे टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला, पण माझ्या भाड्यात तो टोल बसत नाही. त्यामुळे मी अजून घाटानेच येतो. गाडीची तब्येत कशी आहे ते मला घाटातच कळतं.

ऑक्टोबरात सीझन तोंडावर होता, म्हणून एका रविवारी अंगणातच सर्व्हिसिंग काढलं. ऑइल, ऑइल फिल्टर, डिझेल फिल्टर. एवढं मी बरीच वर्षं घरी करतो. या वेळी हात जरा जास्तच शिवशिवत होते. एअर फिल्टरचा कागदी तुकडा काढला आणि त्याजागी धुऊन पुन्हा वापरता येणारा, तेल लावलेला कापडी फिल्टर बसवला, २,८०० रुपयांचा. इंटरकूलरचा (टर्बोतून आलेली गरम हवा थंड करणारी जाळी) रबरी होजपाइप फुगल्यासारखा वाटत होता, त्याजागी निळा सिलिकॉनचा टाकला. आणि ईजीआर व्हॉल्व्ह, म्हणजे थोडा जळालेला धूर परत इंजिनात सोडणारी झडप, उघडून काजळी खरवडली. सगळं एकाच दिवशी. संध्याकाळी गाडी चालूच होईना. ते कारण सोपं होतं, डिझेल फिल्टर बदलताना लाइनीत एअर धरली होती. हातपंप मारून एअर काढली, गाडी लागली, मी खूश.

मंगळवारी कसाऱ्यात खुशी उतरली. गाडी ओढेच ना. नेहमी तिसऱ्यात जाते तिथे दुसरा टाकावा लागला, मागे काळा धूर, आणि निम्म्या घाटात चेक इंजिनचा पिवळा दिवा. अ‍ॅव्हरेज बाराचं साडेनवावर आलं.

गॅरेजवाल्याने बॉनेट उघडलं, रेस दिली, धूर बघितला आणि निकाल दिला, "दादा, टर्बो गेला. रिकंडिशन करून देतो, अठ्ठावीस हजार." टर्बो म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा. मी म्हटलं, दोन दिवस द्या. त्या दोन दिवसांत ही डबी मागवली.

डबी म्हणजे काडेपेटीहून थोडी मोठी. स्टिअरिंगखाली सोळा पिनांचा सॉकेट असतो त्यात खोचायची, ब्लूटूथने मोबाइलला जोडायची आणि ॲप उघडायचं. माझ्या डबीवर 'ईएलएम ३२७, व्हर्जन १.५' असं छापलेलं आहे. गंमत अशी की मूळ चिप बनवणाऱ्या कॅनडातल्या कंपनीने १.५ नावाचं व्हर्जन कधी काढलंच नव्हतं. म्हणजे माल नक्कल आहे, आणि या किमतीत बाजारात मिळणारे बहुतेक तसेच. अँड्रॉइडला पटकन जोडलं जातं. धाकट्या भावाच्या आयफोनला मात्र ही साध्या ब्लूटूथची डबी दिसतच नाही. आयफोनवाल्यांनी वायफाय किंवा ब्लूटूथ एलईवाली घ्यावी.

पहिल्याच वाचनात कोड आला, पी ०२९९. अर्थ : टर्बोचा दाब कमी. म्हणजे गॅरेजवाला बरोबर? मलाही क्षणभर तसंच वाटलं. पण कोड फक्त 'दाब कमी पडला' एवढंच म्हणतो. दाब टर्बोने केलाच नाही, की केलेला वाटेत सांडला, ते त्याला माहीत नसतं. विहिरीवरची मोटर चालू आहे आणि शेताला पाणी येत नाही, तर मोटर उचलून रिवाइंडिंगला नेण्याआधी आपण पाइपलाइन बघतो ना!

इथे कामाला आली ती ॲपमधली एक गोष्ट, जिच्याकडे बरेच लोक बघतही नाहीत. कोड पडतो त्या क्षणाचे आकडे गाडी साठवून ठेवते, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. माझ्यात होतं : २,३०० आरपीएम, इंजिनावरचा लोड ९० टक्क्यांच्या वर, वेग ३८. म्हणजे भर चढावर. कोड पुसला की हे आकडेही जातात. म्हणून पुसायची घाई करायची नाही, आधी स्क्रीनशॉट. मी एकदा उत्साहात पुसून बसलो आणि पुढचा चढ येईपर्यंत हात चोळत राहिलो.

मग लाइव्ह आकडे. गाडी भाऊ चालवत होता, मोबाइल माझ्या हातात. चालवणाऱ्याने मोबाइलकडे बघू नये, घाटात तर मुळीच नाही. मॅनिफोल्डचा, म्हणजे इंजिनात हवा शिरते त्या नळीतला, दाब भर लोडवर १४५ किलोपास्कलच्या वर जाईना. आता एक बारीक गोष्ट, जी मला उशिरा कळली. हा आकडा हवेच्या दाबासकट असतो. नुसती चावी फिरवून, इंजिन चालू न करता बघितलं तर पिंपळगावात ९५ दिसायचा आणि वाशीला १०१. मला वाटलं सेन्सरही गेला. सेन्सर ठीक होता, आपणच समुद्रापासून वर राहतो. म्हणजे १४५ मधला टर्बोचा वाटा जेमतेम ५०.

टर्बो काढण्याआधी मी वही काढली. उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर रविवारी काय काय उघडलं ते लिहिलं. हवेच्या वाटेतल्या तीन गोष्टींना मी हात लावला होता, आणि टर्बोला बोटही लावलं नव्हतं. शनिवारपर्यंत धडधाकट असलेला टर्बो नेमका त्याच रविवारी कसा मरेल?

उभ्या गाडीत रेस देऊन, जोडावर साबणाचं पाणी मारून बघितलं. बुडबुडा नाही. याचं कारण नंतर लक्षात आलं : लोड नसताना टर्बो फारसा दाब करतच नाही, त्यामुळे गळती उभ्या गाडीत सापडेलच असं नाही. सापडली ती डागावरून. नव्या निळ्या पाइपच्या खालच्या तोंडाशी तेलकट काळा ओघळ होता. टर्बोतून थोडी तेलाची वाफ येतेच, जिथून हवा निसटते तिथे ती डाग सोडून जाते. सिलिकॉनचा पाइप जाड, आणि मी त्यावर जुनीच पातळ पट्टीची क्लिप आवळली होती, तीही तेलकट नळीवर. दाब आला की पाइप थोडा सरकायचा, हवा निसटायची. मोजलेली हवा एक, इंजिनात पोचलेली दुसरी. डिझेल मात्र मोजलेल्या हवेच्या हिशेबाने सुटायचं, म्हणून काळा धूर. नळी पुसून कोरडी केली, १८० रुपयांची टी-बोल्टची क्लॅम्प टाकली.

पुढच्या फेरीत धूर गायब, दाब २०५. मला वाटलं झालं. पण गाडी अजून दबत होती. धूर नाही, शिटी नाही, तरी जोर नाही. आणि दोन दिवसांनी नवा कोड, पी ०१०१. हवेचं माप घेणारा मास एअरफ्लो सेन्सर.

हा कोड आधी का नाही आला, यावर मी बरीच डोकेफोड केली. माझा अंदाज असा, की दोन चुका एकमेकींना झाकत होत्या. गळतीमुळे इंजिनाला कमी हवा मिळत होती, आणि सेन्सरही खरी हवा कमीच सांगत होता, म्हणून दोन्ही आकडे वरवर जुळत होते. गळती बंद झाली तेव्हा सेन्सर उघडा पडला.

सेन्सर खोटं बोलतोय हे बिनखर्चात तपासता येतं. चार स्ट्रोकचं इंजिन दोन फेऱ्यांत एकदा हवा भरून घेतं. अडीच लिटर आणि आयडलला ८०० आरपीएम, म्हणजे मिनिटाला हजार लिटर. आपल्याकडे एवढी हवा साधारण १.१ किलो भरते, म्हणजे सेकंदाला १८ ग्रॅम. सिलिंडर पूर्ण कधी भरत नाही, तेव्हा १४-१५ धरा. फक्त ईजीआर उघडा असेल तर जळालेला धूरच परत आत येतो आणि ताजी हवा कमी दिसते. म्हणून मिनिटभर ईजीआरची व्हॅक्यूम नळी काढून बघितलं (नंतर लगेच लावली, ती काढून गाडी फिरवायची नाही). ॲपमध्ये आकडा आला ९.

कारण कापडी फिल्टर. मी त्याला तेल जरा सढळ हातानेच पाजलं होतं. ते हवेबरोबर उडून सेन्सरच्या तारेवर बसलं, त्यावर आपली नाशिकची धूळ. तार हवेने किती थंड होते त्यावर माप ठरतं. तिला तेल-धुळीची गोधडी पांघरली तर ती हवा कमीच सांगणार, आणि हवा कमी म्हणून गाडीतला संगणक डिझेल आखडतं घेणार. स्टार पान्याचे दोन स्क्रू काढून सेन्सर बाहेर काढला. त्यासाठीचा खास स्प्रे मिळतो, तोच मारला. कार्ब्युरेटर क्लीनर नाही, कापूस नाही, बोट तर नाहीच. अर्धा तास वाळू दिला. आकडा १४.५. त्या दिवशी घाटात तिसरा गिअर परत आला. महिन्याभरात अ‍ॅव्हरेजही पावणेबारावर.

कापडी फिल्टर काढून टाकला, परत कागदीच घातला. तेल बेताचं लावलं तर तो चालतो असं सांगणारे भेटतात, चालतही असेल. पण डांबरी सोडून शेताच्या बांधापर्यंत जाणाऱ्या गाडीला फिल्टर वरचेवर धुवावा लागणार, आणि दर वेळी तेलाचा अंदाज माझ्यासारख्याच्या हातात. मला नको. सिलिकॉनचा पाइप ठेवला, तो चांगला आहे. दोष क्लिपचा आणि माझा होता.

आता डबीबद्दल राहिलेलं. खराब रस्त्यावर ती सॉकेटमध्ये हलते आणि कनेक्शन तुटतं, मी कागदाची घडी खोचून भागवतो. एका वेळी चारपेक्षा जास्त आकडे मागितले की ॲप रांगतं. दोन-तीनच ठेवा. दोनदा तिने 'गाडीशी संपर्क नाही' म्हटलं, काढून परत घातल्यावर ठीक. आणि काम झालं की काढून ठेवायची. ती सतत थोडा करंट खाते. फेब्रुवारीत लग्नाला गेलो, पाच दिवस डबी तशीच राहिली आणि परत आल्यावर सेल्फ मारला तर नुसतं कुंथलं. बॅटरीही साडेतीन वर्षांची होती, सगळा आळ डबीवर घालत नाही.

गॅरेजवाल्याकडे मी अजून जातो. त्याला आकडे दाखवले, तेव्हा तो थोडा वेळ काही बोलला नाही, मग विचारलं, "ही कितीला पडली?" पुढच्या आठवड्यात त्याच्याकडेही एक आली.

शेजारच्या बीएस-६ गाडीलाही लावून बघितली. साधे कोड वाचले, पण डीपीएफमध्ये (धुरातली काजळी अडवणारा सायलेन्सरकडचा फिल्टर) काजळी किती साठली हे दाखवता आलं नाही. ती माहिती कंपनीच्या स्वतःच्या भाषेत असते, साध्या ॲपला ती कळत नाही. त्यासाठी महागडं मशीन लागतं. शेजाऱ्याला हे सांगितलं, तरी तो "असू दे, बघतो" म्हणून डबी घेऊन गेला. तीन आठवडे झाले. परवा घाटात गाडीने किंचित मिसिंग केल्यासारखं वाटलं, आणि माझ्या हातात पुन्हा फक्त वही आहे.