ओयाकाताच्या हाताखाली, शाळेत की तीन महिन्यांच्या कोर्सला? जपानी शेफ होण्याचे रस्ते

शिन्को नावाचा मासा टोकियोच्या सुशीवाल्यांकडे ऐन उन्हाळ्यात येतो, जुलै-ऑगस्टच्या सुमारास. इतका चिमुकला की एका सुशीवर दोन-तीन लागतात. तोच जरा वाढला की त्याला कोहादा म्हणतात. त्याला मीठ किती वेळ लावून ठेवायचं आणि मग व्हिनेगरात किती वेळ बुडवायचा, हे त्या दिवशीच्या माशाचा आकार, त्याच्या अंगातली चरबी आणि बाहेरची हवा बघून ठरतं. थोडं कमी झालं तर माशाचा उग्र वास राहतो, थोडं जास्त झालं तर मासा खारट आणि चिवट होतो.

ऑक्टोबरात सुरू होऊन डिसेंबरात संपणाऱ्या कोर्सला शिन्को दिसतच नाही. एक वर्षाच्या शाळेत तो एकदा दिसतो. दहा वर्षं एकाच दुकानात काढलेल्या माणसाच्या हाताखालून तो दहा वेळा गेलेला असतो. कुठला रस्ता धरायचा याचा विचार करताना हा मासा डोळ्यांपुढे ठेवा, म्हणजे जाहिरातींचा गोंधळ थोडा कमी होतो.

मी स्वतः शेफ नाही. जपानी भाषेशी बरीच वर्षं संबंध आला, त्यातून हॉटेल मॅनेजमेंटची मुलंमुली विचारत येतात: ‘जपानीच करायचंय, पण तिकडे जाऊन शिकू की इथेच?’ एका वाक्यात उत्तर देता येत नाही म्हणून हे लिहितोय.

दुकानातली उमेदवारी

जुनी म्हण आहे: भात शिजवायला तीन वर्षं, सुशी वळायला आठ. आकडे शब्दशः घेऊ नका, पण मागचा हिशेब खरा आहे. ओयाकाता म्हणजे दुकानाचा मालक-उस्ताद. त्याच्याकडे पोरगं पंधराव्या-अठराव्या वर्षी लागतं. आधी भांडी, फरशी, डबे पोचवणं. मोठ्या र्‍योतेईत, म्हणजे पारंपरिक भोजनगृहात, या पहिल्या पायरीला ‘ओइमावाशी’ म्हणतात, सगळ्यांनी पळवायचा पोऱ्या. मग तळण, भाजणं, पुढे साशिमी, म्हणजे कच्च्या माशाचे काप, कापणारा ‘मुकोइता’, मग रस्से आणि शिजवण्याचा ताबा असलेला ‘निकाता’, आणि सगळ्यांच्या वर ‘हानाइता’. निकाता होणं ही मोठी गोष्ट, कारण दुकानाची चव त्याच्या हातात असते.

आपल्याकडे गाण्यात गंडाबंध शागीर्द असायचा ना, तसंच हे. भीमसेन जोशींनी कुंदगोळला सवाई गंधर्वांच्या घरी पाणी भरलं, तालीम नंतर मिळाली. जपानी स्वयंपाकघरातही पाणी भरण्याचा काळ आहे आणि त्यावरूनच सगळी भांडणं होतात.

या रस्त्याने आलेली नावं मोठी आहेत. १९२५ साली जन्मलेले जिरो ओनो लहान मूल असतानाच कामाला लागले आणि १९६५ मध्ये त्यांनी गिन्झात ‘सुकियाबाशी जिरो’ उघडलं. थोरला मुलगा वडिलांच्याच दुकानात राहिला, धाकट्याने २००३ मध्ये रोप्पोंगीत स्वतःचं काढलं. ‘र्‍यूगिन’चे सेइजी यामामोतो ‘आओयागी’त ११ वर्षं होते, मग २००३ मध्ये त्यांनी स्वतःचं दुकान मांडलं. नोबू मात्सुहिसांनी टोकियोत शिंजुकूच्या एका सुशीच्या दुकानात सात वर्षं काढली, त्यातली पहिली तीन जवळजवळ भांड्यांत आणि वरकामात.

नोबूंचं उदाहरण मला जास्त उपयोगाचं वाटतं, कारण त्यांचं पुढचं सगळं आखल्याप्रमाणे झालेलं नाही. दुकानातल्या एका गिऱ्हाइकाच्या ओळखीने ते १९७३ मध्ये पेरूला गेले. लिमात घरच्यासारखं सामान मिळेना, म्हणून तिथल्या मिरच्या, लिंबू, कोथिंबीर जपानी माशाला लावू लागले. पुढे अलास्कात दुकान काढलं, ते उघडून दोन महिनेही झाले नव्हते तोच जळालं. १९८७ मध्ये बेव्हर्ली हिल्सला ‘मात्सुहिसा’ उभं राहिलं, १९९४ मध्ये न्यूयॉर्कला ‘नोबू’. परक्या गावात सामान बदललं तरी हात बदलला नाही, तो सात वर्षांत बसलेला होता.

दुकान तुम्हाला आणखी एक गोष्ट देतं, ती कुठल्याही शाळेला देता येत नाही: नाव. ‘नोरेन वाके’ म्हणजे उस्तादाने आपल्या दारावरच्या पडद्याचा वाटा शिष्याला देणं. अमक्याचा शिष्य म्हटलं की मासळीबाजारातला दलाल चांगला माल तुमच्यासाठी बाजूला ठेवतो. ही पत पैशाने मिळत नाही, निदान लवकर तरी नाही.

आता तोटे. पगार कमी, तास लांब, आणि जुन्या दुकानांत ओरडा आणि चापटी हे शिक्षणच समजलं जायचं. आता बरंच बदललंय, दुकानात राहून शिकण्याची पद्धतही कमी झालीय. पण ओयाकाता कसा निघेल हे नशिबावर आहे. वाईट ओयाकाताकडची पाच वर्षं ही निव्वळ पाच वर्षं भांडी घासणं ठरू शकतं.

शाळा

‘चोरिशी’ हा जपानमधला सरकारमान्य स्वयंपाक्याचा परवाना. त्याचा कायदा १९५८ चा. मान्यताप्राप्त शाळेत किमान एक वर्ष शिकून उत्तीर्ण झालात तर परीक्षा न देता तो मिळतो. शाळा नको असेल तर दोन वर्षं प्रत्यक्ष काम करून परीक्षा द्यायची. गंमत म्हणजे जपानमध्ये रेस्टॉरंट उघडायला हा परवाना लागतच नाही. त्यासाठी अन्नस्वच्छतेची जबाबदारी घेणारा एक माणूस पुरतो आणि त्याचं प्रशिक्षण एका दिवसात उरकतं. फक्त फुगू या विषारी माशासाठी वेगळी अट आहे, त्याचे नियम प्रांताप्रांताचे.

मग शाळेत जायचं कशाला? कारण तिथे सगळं क्रमाने शिकवतात. दुकानात मुकोइता व्हायला जी सुरी चार वर्षं हातात मिळत नाही, ती शाळेत पहिल्याच महिन्यात मिळते. ओसाकाची त्सुजी ही शाळा १९६० ची. ती काढणारे शिझुओ त्सुजी आधी वर्तमानपत्राचे बातमीदार होते. मला हे फार महत्त्वाचं वाटतं: जो माणूस स्वतः उमेदवारीतून आला नव्हता त्यानेच ‘बघून चोरायचं’ या पद्धतीऐवजी ‘सांगून शिकवायचं’ अशी पद्धत बसवली. ओयाकाता कारण सांगत नाही. कोंबू म्हणजे रश्श्यासाठीचं समुद्री शेवाळ; पाणी उकळण्याआधी ते का काढायचं, हे शाळेत पहिल्या आठवड्यात कळतं.

खर्च मात्र जड आहे. वर्षाची फी साधारण १५ ते २० लाख येन, मोठ्या नावांची त्याहून जास्त. म्हणजे आपले दहा लाखांच्या आसपास, शिवाय राहणं-खाणं. आणि शाळेतून बाहेर पडलेला मुलगा दुकानात पुन्हा ओइमावाशीच होतो. फरक इतकाच की तो लवकर वर सरकतो.

घराण्यात जन्मलेलेही सरळ रेषेत चालत नाहीत, हे क्योतोच्या ‘किकुनोई’च्या योशिहिरो मुराता यांच्याकडे बघून समजतं. दुकान १९१२ चं, ते तिसऱ्या पिढीतले. तरुणपणी फ्रेंच स्वयंपाक शिकायला फ्रान्सला गेले, परत आले, मग दुसऱ्याच्या दुकानात उमेदवारी केली. २०१३ मध्ये वाशोकू, म्हणजे जपानी स्वयंपाकाची परंपरा, युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं, त्यामागे त्यांचा मोठा हात होता. मुराता यांच्यासारखं काइसेकी, म्हणजे एकामागून एक पदार्थ येणारं पारंपरिक जपानी जेवण, करायचं असेल तर एक लक्षात घ्या, त्यात भांडी, फुलं, चहाचा विधी, ऋतू असं सगळं येतं. ते वर्गात शिकवून संपत नाही. काइसेकी हवं असेल तर क्योतोत राहण्याची तयारी हवी.

तीन महिन्यांचा कोर्स

२०१५ मध्ये जपानी उद्योजक ताकाफुमी होरिए यांनी, सुशी शिकायला वर्षानुवर्षं घालवणं मूर्खपणाचं आहे, असं जाहीर म्हटलं आणि गदारोळ झाला. त्यांच्या बाजूचा पुरावा ओसाकात होता. ‘इनशोकुजिन दाइगाकु’ या संस्थेच्या तीन महिन्यांच्या सुशी कोर्समधून शिकलेल्यांनी चालवलेल्या ‘सुशी चिहारू’ला, उघडून वर्ष व्हायच्या आत मिशेलिनच्या क्योतो-ओसाका २०१६ मार्गदर्शिकेत ‘बिब गुर्माँ’ची, म्हणजे माफक दरात चांगलं खाणं देणाऱ्यांची, नोंद मिळाली. टोकियोत २००२ पासून टोकियो सुशी अकॅडमी आहे, तिथे काही आठवड्यांचे कोर्स इंग्रजीतूनही चालतात. परदेशी विद्यार्थी जास्त करून तिथेच दिसतात.

होरिए निम्मे बरोबर आहेत. सुशी वळणं, मासा सोडवणं, भातात व्हिनेगर मिसळताना दाणा न मोडू देणं या हाताच्या गोष्टी आहेत, आणि रोज आठ तास केलं तर तीन महिन्यांत बऱ्यापैकी जमतात. जुन्या दुकानात पोराला सरावाला भात मिळायचा नाही, टोफूचा चोथा वळत बसायचा, तोही दुकान बंद झाल्यावर. कोर्समध्ये पहिल्या दिवशी भात. पण चिहारूच्या मागे माल आणणारी, जागा देणारी संस्था होती, हे विसरून चालणार नाही. एकट्याने घाटकोपरला दुकान टाकणाऱ्याच्या मागे ती नसते. आणि शिन्कोचा मुद्दा आहेच.

रामेनचं, म्हणजे रश्श्यातल्या नूडल्सचं, गणित मात्र साफ वेगळं. तिथे घराणं नाही, म्हण नाही. नोकरी सोडून रामेनच्या दुकानासारखा स्वतःचा धंदा काढण्यासाठी जपानीत ‘दात्सुसारा’ हा शब्दच आहे. ‘ताइशोकेन’चे काझुओ यामागिशी शिष्यांना मोकळ्या हाताने नाव वापरू द्यायचे. न्यूयॉर्कच्या आयव्हन ऑर्किनने २००७ मध्ये टोकियोत रामेनचं दुकान काढलं आणि ते चाललं. वय तिशीच्या पुढे असेल आणि घर चालवायचं असेल, तर सुशीपेक्षा रामेनचा विचार आधी करा.

आपल्या पासपोर्टवर काय चालतं

खरा निर्णय इथे होतो आणि मुलं हाच भाग शेवटी बघतात. पुण्याचा मुलगा टोकियोत जाऊन ‘ओयाकाता, मला ठेवून घ्या’ म्हणू शकत नाही. पर्यटक व्हिसावर काम करता येत नाही. स्वयंपाक्यांसाठीचा जुना ‘गिनो’ व्हिसा आहे, पण तो परदेशी पदार्थ करणाऱ्यांसाठी, दहा वर्षांच्या अनुभवावर. जपानमधल्या भारतीय हॉटेलांतले आचारी त्यावरच जातात. त्यावर जाल तर तुम्ही तंदूरपाशी उभे राहाल, सुशीच्या लाकडी ओट्यामागे नाही. एजंट हे सांगत नाहीत.

दुसरा ‘तोकुतेई गिनो’, ठरावीक क्षेत्रांतल्या कुशल कामगारांचा व्हिसा. एप्रिल २०१९ पासून सुरू, भारताशी करार जानेवारी २०२१ मध्ये. खाद्यसेवेची कौशल्य परीक्षा आणि एन-४ पातळीची जपानी लागते (भाषेच्या परीक्षेत एन-५ सगळ्यात सोपी, एन-१ सगळ्यात अवघड). पहिल्या प्रकारात एकूण पाच वर्षं राहता येतं, कुटुंब नेता येत नाही. दुसरा प्रकार या क्षेत्राला २०२३ मध्ये खुला झाला, त्यात तशी मर्यादा नाही. पगार पहिल्या महिन्यापासून मिळतो, हे मोठं. पण काम बहुधा साखळी इझाकायात, म्हणजे दारू आणि खाण्याच्या साध्या हॉटेलात, किंवा फॅमिली रेस्टॉरंटमध्ये मिळतं. तिथे वेग आणि शिस्त शिकाल, कोहादा नाही.

तिसरा विद्यार्थी व्हिसा. शाळेसाठी बहुतेक ठिकाणी एन-२ च्या जवळपासची जपानी मागतात, आठवड्याला २८ तास अर्धवेळ काम करता येतं. शिकून झाल्यावर जपानी स्वयंपाकाच्या दुकानात काही वर्षं कामाला राहू देणारी कृषी मंत्रालयाची योजना आहे. म्हणजे परदेशी माणसाला ओयाकाताच्या दारापर्यंत नेणारा सरळ रस्ता शाळेतूनच जातो. जपानी मुलासाठी शाळा हा पर्याय आहे, आपल्यासाठी ती जवळजवळ अटच आहे. पुण्यात जपानी शिकायची सोय चांगली आहे, तिथून सुरुवात होते. सुरीने नाही.

इथेच राहायचं असेल तर मोठ्या हॉटेलांचे जपानी विभाग आहेत. हिरोशिमाचे मासाहारू मोरिमोतो बेसबॉल खेळाडू व्हायला निघाले होते, खांदा दुखावला म्हणून सुशीकडे वळले. २००४ मध्ये मुंबईच्या ताजमध्ये त्यांच्या नावाने ‘वासाबी’ सुरू झालं. अशा ठिकाणी पगार, इंग्रजी आणि मोठं नाव मिळतं, पण वर्षानुवर्षं एकाच टेबलापाशी अडकायची भीती असते. परदेशातल्या स्वयंपाक्यांसाठी जपानी सरकारने २०१६ पासून सोनेरी, रुपेरी आणि कांस्य अशी प्रमाणपत्रं सुरू केली आहेत. कांस्य छोट्या कोर्सवर मिळतं, सोनेरीसाठी जपानमधला साधारण दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो.

दोन अवघड गोष्टी. शाकाहारी असाल आणि माशाची चव घेणार नसाल, तर नेहमीची दाशी, म्हणजे जपानी स्वयंपाकाचा मूळ रस्सा, तीसुद्धा चाखता येणार नाही, ती सुकवलेल्या बोनितो माशाची असते. मठांमधला शोजिन स्वयंपाक शाकाहारी आहे, पण त्यात नोकऱ्या थोड्या. आणि मुलींना अजूनही ‘बायकांचे हात गरम असतात’ ही बाष्कळ सबब ऐकायला लागते. सुशीच्या ओट्यामागे बायका कमी आहेत. लॉस एंजेलिसला निकी नाकायामा २०११ पासून काइसेकीचं स्वतःचं रेस्टॉरंट चालवतात, मुलींनी तो बाहेरचा रस्ताही बघावा.

माझं मत विचाराल, तर वय विशीच्या आत-बाहेर आणि घरून पैसा असेल तर दोन वर्षं भाषा, मग शाळा, मग दुकान. पैसा नसेल तर तोकुतेई गिनो, आणि सुट्टीच्या दिवशी बाजार फिरायचा. तिशी ओलांडली असेल तर छोटा कोर्स आणि रामेन.

फी भरण्याआधी मात्र घरी एक करून बघा. कात्सुरामुकी: जाड मुळ्याचा वीतभर तुकडा डाव्या हातात गोल फिरवत, उजव्या हातातली सुरी वरखाली हलवत, एकसलग कागदासारखी पट्टी सोलायची. खाली वर्तमानपत्र ठेवलं तर अक्षरं वाचता यावीत इतकी पातळ. उमेदवार हे महिनोन्महिने करतात. मी मंडईतला सगळ्यात जाड मुळा आणून बसलो होतो. पट्टी चार बोटांवर तुटली, पुन्हा धरली, पुन्हा तुटली. तासाभराने आईने ताट उचललं आणि त्यात दही घातलं.