क्विननं पाहिलं, आणि सटकला

'ऑल अमेरिकन बॉइज' मला नागपूरच्या बर्डीवर जुन्या पुस्तकांच्या ढिगात सापडलं. मुखपृष्ठाचा कोपरा कुणीतरी चावल्यासारखा. मानेवाड्याला माझ्याकडे नववी-दहावीची आठ पोरं इंग्रजीच्या शिकवणीला येतात. उन्हाळ्यात त्यांच्याकडून एक तरी पुस्तक अख्खं वाचून घ्यायचं, हा माझा हट्ट.

२०१५ सालची ही कादंबरी दोघांनी मिळून लिहिली. कृष्णवर्णीय रशादची प्रकरणं जेसन रेनॉल्ड्सची, गोऱ्या क्विनची ब्रेंडन काइलीची. दोघं एकाच शाळेतले, पण ओळख नाही. शुक्रवारी संध्याकाळी रशाद दुकानात चिप्स घ्यायला जातो, बॅगेतून मोबाइल काढायला वाकतो, तर एक बाई अडखळून त्याच्यावर पडते. दुकानातल्या पोलिसाला वाटतं, पोरगा चोरी करून राहिला. मग बाहेर फरफटत नेऊन मार. नाक फुटतं, बरगड्या मोडतात. हा रशाद आपल्या एनसीसीसारख्या आरओटीसीत जाणारा, चित्रं काढणारा साधा पोरगा.

क्विन हे रस्त्यावरून पाहतो. मारणारा पॉल त्याच्या जिवलग मित्राचा मोठा भाऊ. क्विनचे वडील अफगाणिस्तानात सैन्यात असताना गेले, तेव्हापासून पॉलनंच त्याला बापासारखं सांभाळलेलं. म्हणून तो आधी गप्प बसतो, सटकतो, आणि पुढचे कितीतरी दिवस स्वतःला समजावत राहतो की आपण काही पाहिलंच नाही. माझ्या मते पुस्तक खरं उभं आहे ते या पानांवर. मार खाणाऱ्याची बाजू घेणं वाचकाला सोपं जातं. क्विनचा मात्र राग येतो, आणि दोन पानांनी तो आपल्यासारखाच वाटायला लागतो.

रशादचा दवाखाना जरा लांबतो. मात्र त्याचे वडील स्वतः पोलिसात होते आणि त्यांचं एक जुनं प्रकरण बाहेर येतं, तिथं मी पुस्तक मिटून चहा ठेवला. ते इथं सांगत नाही. शेवटचा मोर्चा मला थोडा ठरवून बसवल्यासारखा वाटला. पोरांना तोच आवडला. इंग्रजी अवघड नाही, पण बोलीतले शब्द आणि शिव्या भरपूर. सातवीच्या खाली देऊ नका.

"क्विन काऊन पळाला, मॅडम? थांबाचं होतं ना!" एकानं तावातावानं विचारलं. बाकीच्यांनी माना डोलावल्या. मागच्या बाकावरचा एकजण शांतपणे म्हणाला, "मागच्या महिन्यात मॉलमध्ये आम्ही चौघं होतो. गार्डनं माझीच बॅग उपसली."

उरलेल्या तिघांतले दोघं त्याच खोलीत बसले होते. एक पेनाचं टोपण काढत-लावत राहिला. दुसऱ्यानं पुस्तक ओढून घेतलं आणि कुणी न सांगता क्विनचं पहिलं प्रकरण पुन्हा मोठ्यानं वाचायला लागला.