वगळलेली चाळण : किनाऱ्यावरचा एक ‘मॅकबेथ’

मालवणजवळच्या एका गावात, समुद्राची गाज ऐकू येईल इतक्या अंतरावर घातलेल्या मांडवात, मागील महिन्यात शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’चा मराठी प्रयोग पाहिला. तिकीट १५० रुपयांचे होते आणि नऊची वेळ देऊन पडदा दहाला उघडला, याचे आपल्याकडे कोणाला आश्चर्य वाटत नाही. मंडळी हौशी असली तरी त्यांनी एक गोष्ट विचारपूर्वक केली होती : तिन्ही चेटकिणींच्या भूमिका दशावतारात वर्षानुवर्षे स्त्रीपार्टी करणाऱ्या कलावंतांकडे सोपवल्या होत्या. हा निर्णय संहितेला धरूनच आहे. त्या तिघींना पाहून मॅकबेथचा सहकारी सेनापती बँक्वो गोंधळतो. तुम्ही बायका दिसता खऱ्या, पण तुमच्या दाढ्या तसे म्हणू देत नाहीत, असे तो म्हणतो. नऊवारी नेसलेल्या, हनुवटीवर दोन दिवसांचे खुंट राखलेल्या त्या आकृती मृदंगाच्या एका थापेसरशी पुढे आल्या, तेव्हा हे वाक्य प्रथमच विनोदी न वाटता भीतिदायक वाटले.

त्याहून मोठी कल्पकता भविष्यकथनाच्या प्रसंगात होती. मॅकबेथला तीन वेळा जयजयकाराने हाक मारण्याचा तो प्रसंग येथे देवापुढे घालतात त्या गाऱ्हाण्याच्या चालीवर बांधला होता. पहिलीने “बा देवा म्हाराजा” असा सूर लावला, आणि प्रत्येक पदवीनंतर बाकीच्या दोघींनी “व्हय म्हाराजा” म्हटले. तिसऱ्या वेळेस मांडवातल्या निम्म्या लोकांनी सवयीने “व्हय म्हाराजा” म्हणून साथ दिली आणि मग आपण काय केले हे लक्षात येऊन शांतता पसरली. मॅकबेथला राजेपद कबूल करणाऱ्यांत आम्हीही होतो. देवाचे गाऱ्हाणे असे चेटकिणींच्या तोंडी घालणे माझ्या शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांना रुचले नाही आणि त्यांची हरकत मला समजते. तरीही संपूर्ण प्रयोगात याच्या तोडीचा क्षण दुसरा नव्हता.

असे असताना याच मंडळींनी पहिल्या अंकाच्या तिसऱ्या प्रवेशाचा आरंभ कापून टाकावा, हे मला अजून पटलेले नाही. मॅकबेथ येण्यापूर्वी चेटकिणी एकमेकींना आपापली कामे सांगतात. एका खलाशाच्या बायकोकडे पहिलीने चेस्टनट मागितले आणि तिने तिला हाकलून दिले. तिचा नवरा ‘टायगर’ नावाच्या जहाजाचा प्रमुख असून अलेप्पोकडे गेला आहे. तेव्हा आपण चाळणीत बसून, शेपटी नसलेला उंदीर होऊन त्याच्यामागे समुद्रात जाऊ, असे ती ठरवते. दुसऱ्या दोघी तिला एकेक वारा देऊ करतात. एक्क्याऐंशी आठवडे त्याच्या डोळ्याला डोळा लागू देणार नाही, तो वाळत जाईल, असे सांगून ती एक अट उच्चारते : त्याचे तारू बुडवता येणार नाही, मात्र वादळात हेलकावे खायला लावता येईल.

नाटकातल्या सगळ्या जादूचा नियम या एका ओळीत आहे. चेटकीण झोप नेऊ शकते, वारा फिरवू शकते. जहाज बुडवणे तिच्या हातात नाही. पुढे राजा डंकनचा खून केल्यावर मॅकबेथला ‘झोपेचा खून झाला’ असा आवाज ऐकू येतो, तो याच चाळणीतून आलेला असतो. ही ओळ गाळली की चेटकिणी सर्वशक्तिमान वाटू लागतात आणि मॅकबेथ बिचारा. मध्यंतरात चहा घेताना शेजारी बसलेल्या एका तांडेलाला, म्हणजे होडीच्या प्रमुखाला, मी हा वगळलेला भाग सांगितला. त्याने क्षणभर विचार करून म्हटले, “तांडेल धा दिस निजलो नाय, तर तारू खडपार चढाक चेटकीण कित्याक होयी?” दिग्दर्शकाने हा प्रश्न तालमीत कोणाला तरी विचारायला हवा होता.

त्या चाळणीमागे खरी भीतीही आहे. स्कॉटलंडचा राजा सहावा जेम्स राणी ॲनला डेन्मार्कहून आणत असताना त्याच्या गलबतांना वादळांनी गाठले, आणि १५९० पासून नॉर्थ बेरिक येथील बायकापुरुषांवर चेटकाने वादळ उठवल्याचे खटले भरले गेले. आरोपी चाळणींत बसून समुद्रावरून गेले, असे १५९१ साली लंडनमध्ये छापलेल्या एका पत्रकात म्हटले आहे. जेम्सने स्वतः त्यांच्या जबान्या घेतल्या, १५९७ साली चेटूकविद्येवर पुस्तक लिहिले आणि १६०३ मध्ये तो इंग्लंडच्याही गादीवर बसला. साधारण १६०६ च्या सुमारास लिहिलेले हे नाटक त्याच्या राज्यातले आहे. आपल्याकडे ज्या किनाऱ्यावर नारळी पौर्णिमेला नारळ अर्पण करून समुद्राला शांत होण्याची विनंती करतात, तेथे हा संदर्भ प्रेक्षकांना जड जाईल असे कोणाला वाटले असेल, हे कळत नाही.

गंमत अशी की वेळ वाचवण्यासाठी हा भाग कापला असेल, तर चेटकिणींची देवता हेकटी हिचा लांबलचक प्रवेश मात्र नृत्यासह ठेवला होता. तो भाग शेक्सपिअरचा नसून बहुधा त्याचा समकालीन नाटककार मिडल्टन याच्या हातचा आहे, असे बहुतेक अभ्यासक मानतात, आणि प्रयोगातही तो तसाच उपरा वाटला. काढ्याच्या कढईभोवती धुराचे यंत्र इतके चालवले की पुढच्या दोन रांगा खोकत होत्या आणि बेडूक, पाल, वटवाघूळ यांची यादी कोणालाच ऐकू आली नाही.

चेटकिणी मॅकबेथपुढे तीन आकृत्या उभ्या करून भविष्य वदवतात, तो प्रसंग साधेपणामुळे चांगला वठला. देवळात कौल लावताना गुरव प्रश्न स्पष्ट मांडतो आणि उजवा की डावा एवढेच देवाला विचारतो. येथे मॅकबेथला प्रश्न विचारूच दिला जात नाही. तुझ्या मनातले या आकृतीला ठाऊक आहे, तू फक्त ऐक, असे बजावले जाते. त्या नटाचे उघडलेले तोंड तसेच राहिले, हे फार बोलके होते. ‘स्त्रीच्या पोटी जन्मलेला कोणी मॅकबेथला इजा करू शकणार नाही’ या कोड्याचा उलगडा त्याचा शत्रू मॅकडफ याने केला, तेव्हा मागच्या रांगेतली एक बाई मोठ्याने म्हणाली, “म्हणजे सिझर झाला गो तिचा!” हशा उसळला आणि लढाईचा ताण पार निघून गेला. अर्थात याला मंडळींचा इलाज नाही.

बर्नमचे रान चालून येईपर्यंत मॅकबेथ हरणार नाही, हे दुसरे भाकीत; ते रान म्हणून सैनिकांच्या हाती माडाच्या झावळ्या दिल्या होत्या. अंधारात आधी नुसती सळसळ आली, मांडवाच्या मागून, प्रेक्षकांच्या पाठीशी. बाहेरच्या माडांचीच असावी असे वाटून कोणी वळून पाहिले नाही.

ध्वनिव्यवस्था सुमार होती. लेडी मॅकबेथचा झोपेत चालण्याचा प्रवेश माइकच्या खरखरीत गेला. खुर्च्या प्लास्टिकच्या असल्या तरी ऐसपैस होत्या, आणि मध्यंतर चाळीस मिनिटांचे असले तरी कांदाभजी गरम होती. पुढचा प्रयोग पाहायला जाणार असाल तर चौथ्या रांगेच्या मागे, उजवीकडे बसावे. तेथे धूर पोहोचत नाही आणि झावळ्यांचा आवाज अगदी कानाशी येतो.