घरी मॉडेल रेल्वे मांडताना वळण अठरा इंच की बावीस? सांधा (गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळवणारा) चार नंबरचा की सहा?

एचओ स्केल, म्हणजे 1:87, रुळांमधलं अंतर 16.5 मिलिमीटर. आठ बाय चार फुटांची प्लाय आणली की पहिला वाद वळणाच्या त्रिज्येचा.

18 इंचाचं वळण 48 इंच रुंदीत ऐसपैस बसतं, दोन्हीकडे सहा-सहा इंच उरतात, तिथे स्टेशन, डोंगर, काय हवं ते करा. बावीसला जेमतेम दोन इंच. गाडी रुळावरून घसरली तर इंजिन थेट फरशीवर! कडेला पट्टी ठोकाच.

पण गाडी कोणती पळवणार? छोटं शंटिंग इंजिन (यार्डात डबे हलवणारं) आणि चार मालडबे 18 वर मजेत फिरतात. एलएचबी डबा, म्हणजे भारतीय रेल्वेचा लांब प्रवासी डबा, मात्र खरा साडेतेवीस मीटरचा, मॉडेलमध्ये सत्तावीस सेंटिमीटर. माझा असाच लांब डबा 18 च्या वळणावर मधोमध आत झुकला आणि आतल्या बाजूचा सिग्नल पाडून गेला. तेव्हापासून प्रवासी गाडीला 22 च, आणि तेही कमीच.

सांध्याचं गणितही तसंच. चार नंबर म्हणजे चारला एक, म्हणजे चार इंच पुढे गेल्यावर एक इंच बाजूला; सहा म्हणजे सहाला एक. यार्डात चार नंबर लावा, जागा वाचते. दोन समांतर मार्ग जोडताना मात्र दोन सांधे पाठोपाठ येतात, गाडी नागमोडी वळते आणि लांब डबे एकमेकांना ओढून खाली उतरवतात. तिथे सहाच. खऱ्या रेल्वेत तर प्रवासी मार्गावर सहसा बाराला एक असतो. घरी तेवढी लांबी कुणाकडे आहे?